वाफा आपला, मांजर शेजारचं

कोथिंबीर पेरून वाफा हाताने सपाट करावा, झारीने हलकं पाणी द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मधोमध खड्डा, कडेला उकरलेली माती आणि त्याखाली काय दडलंय ते सांगणारा वास. परसबाग करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. शहरात बंगल्याच्या आवारात किंवा तळमजल्याच्या फ्लॅटपुढच्या चार फुटी पट्ट्यात शेजारचं मांजर येतं. गावाकडे परसात शेजारच्या कोंबड्या आणि शेळ्या शिरतात. कुत्रा दोन्हीकडे.

पुढचा क्रमही ठरलेला. आधी हुसकावणं, मग चप्पल भिरकावणं, मग शेजाऱ्यांशी धुसफूस, आणि मग कुणीतरी हळूच सांगतं की डांबरगोळ्या टाका. यात एक गल्लत होते. बागेचा प्रश्न सुटतो तो प्राणी तिथे कशासाठी येतो हे कळल्यावर. कायद्याचं उत्तर मात्र प्राणी कोणता आहे यावर बदलतं: शेळीला एक न्याय, कुत्र्याला दुसरा, आणि मांजराबद्दल कायदा जवळजवळ गप्प. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या तर निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

आधी, ते नक्की कोणाचं?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कुत्र्याचं समजतं, गळ्यात पट्टा असतो आणि हाक मारली की तो कोणाकडे धावतो ते दिसतं. मांजराचं तसं नाही. ते सकाळी एकीकडे दूध पितं, दुपारी दुसरीकडे झोपतं आणि रात्री तिसऱ्याच्या गच्चीवर असतं. शेजारी विचारायला जावं तर उत्तर येतं, "आमचं कुठे, नुसतं येतं-जातं." दूध पिताना त्यांचं, वाफा उकरताना कोणाचंच नाही, असा हा मामला.

एक साधी युक्ती आहे. मांजर माणसाळलेलं असेल, स्वतःहून जवळ येत असेल, तर त्याच्या गळ्यात कागदाची सैल पट्टी अडकवा आणि टोकं चिकटपट्टीने जोडा. कुठे अडकली तर लगेच फाटेल इतकी कच्ची हवी, दोरा अजिबात नको. पट्टीवर एवढंच लिहा: "हे मांजर तुमचं आहे का? असेल तर कळवा," आणि फोन नंबर. मालक असेल तर फोन येतो, नाहीतर पट्टी कुठेतरी गळून पडते आणि चार दिवसांनी मांजर तसंच परत येतं. माणसाळलेलं नसेल तर धरायच्या फंदात पडू नका.

कानाकडेही बघा. भटक्या कुत्र्यांची आणि काही ठिकाणी मांजरांची नसबंदी झाली की कानाला खाच पाडतात किंवा कानाचं टोक कापतात. तशी खूण दिसली तर बहुधा तो प्राणी कोणाच्या घरचा नाही. मग शेजाऱ्याशी बोलून उपयोग नाही. तो विषय महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा, आणि तिथेही "उचलून लांब सोडा" ही मागणी चालत नाही, कारण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेला भटका कुत्रा सर्वसाधारणपणे त्याच्याच भागात परत सोडायचा असतो.

आणि हो, तुम्ही स्वतः त्या मांजराला माशाची डोकी घालत असाल तर ते अर्धं तुमचंच झालं.

मांजर तुमच्याच वाफ्यात का?

मांजराला विधी उरकायला भुसभुशीत, कोरडी, सहज उकरता येणारी माती लागते, कारण काम झालं की ते झाकायचं असतं. आता नुकत्याच पेरलेल्या वाफ्याचं वर्णन करून बघा. ढेकळं फोडलेली, शेणखत मिसळलेली, वर काहीही उगवलेलं नाही आणि माणसांची ये-जा नाही. मांजराच्या दृष्टीने याहून चांगली सोय कोणी करून देणार नाही. शेजारी त्याला तिकडे पाठवत नाही, वाफाच बोलावतो.

दुसरं कारण खताचं. हाडांचा चुरा, म्हणजे बोनमील, किंवा मासळीचं खत गुलाबाच्या मुळाशी घातलं की मांजर आणि विशेषतः कुत्रा तिथे हमखास उकरतो. त्याच्या नाकाला तिथे हाड पुरलेलं आहे, आणि ते खोटंही नाही. गुलाब लावला तेव्हापासूनच कुत्रा त्रास देऊ लागला, असं कोणी सांगितलं तर आधी खताची पिशवी बघावी.

तिसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. पावसाळ्यात कुंड्यांच्या कडेने, भिंतीच्या फटीत आपोआप उगवणारं खोकली नावाचं तण आहे. दातेरी पानं, आणि तुऱ्यावर वाटीसारखी हिरवी लहान पानं लागतात. हे उपटलं आणि मूळ उघडं पडलं की त्या वासाने मांजरं अक्षरशः वेडी होतात, त्यावर लोळतात, चावतात, अंग घासतात. निंदणी करून खोकलीचा ढीग बागेच्या कोपऱ्यात टाकला असेल आणि त्याच संध्याकाळी मांजरांची सभा भरली असेल तर कारण तेच. तण उपटलं की आवाराबाहेर न्यावं किंवा खोल पुरावं.

बोक्याचा विषय आणखी वेगळा. तो विधीसाठी येत नाही, हद्द आखायला येतो. शेपूट ताठ करून, मागे सरकत, कुंडीवर किंवा भिंतीवर उभ्यानेच फवारा मारतो आणि त्याचा उग्र वास दिवसेंदिवस राहतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात हे सर्वात जास्त. तो फवारा फिनाईलने किंवा अमोनिया असलेल्या द्रवाने धुऊ नये. अमोनियाचा वास मुळात लघवीच्या जातीचा, त्यामुळे बोक्याला वाटतं की दुसऱ्या कोणीतरी इथे खूण केली आहे, आणि तो पुन्हा येतो. साध्या डिटर्जंटने आणि भरपूर पाण्याने धुवावं.

उरलेली कारणं किरकोळ. उन्हात तापलेली फरशी, कंपोस्टच्या ढिगातले उंदीर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी. पक्ष्यांचं भांडं मात्र दाट झुडपाजवळ ठेवू नका. मांजर झुडपात दबा धरतं. भोवती सहा-सात फूट मोकळी जागा असली की बुलबुलाला उडायला वेळ मिळतो.

मातीवरचे उपाय

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कोंबडीची जाळी. हार्डवेअरच्या दुकानात षटकोनी भोकांची, पातळ तारेची मिळते तीच. पेरणी झाली की ती वाफ्यावर आडवी अंथरा, कडा मातीत दाबा आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवा. मेथी, कोथिंबीर, पालक भोकांतून आरामात वर येतात. मांजराला जाळीवर चालणं पसंत नसतं आणि उकरता तर येतच नाही. रोपं बोटभर उंच झाली, माती झाकली गेली, की जाळी काढून पुढच्या वाफ्यावर न्यायची.

जाळी नको असेल तर मोकळी माती दिसूच देऊ नका. नारळाची सोडणं उलटी करून मांडा, ओबडधोबड दगड ठेवा, तुरीच्या वाळलेल्या काटक्या वीतभर अंतराने उभ्या खोचा. घाटावर शेताला बोराटीच्या फांद्यांचं कुंपण घालायची पद्धत आहे. वाफ्याच्या कडेने त्या फांद्या टाकल्या तरी काम होतं, फक्त घरात लहान मूल असेल तर त्या टाळाव्यात. माती ओली ठेवली तरी फरक पडतो, कारण मांजराला पाय चिकट झालेले आवडत नाहीत. संध्याकाळी पाणी द्या, कारण उकरायची वेळ बहुतेकदा रात्रीची किंवा पहाटेची असते.

संत्र्या-मोसंबीच्या साली, कॉफीचा चोथा, लसणाचं पाणी यांची चर्चा फार होते. साल ताजी असेपर्यंत काही मांजरं लांब राहतात, सुकली की परत येतात. पावसात तर एका रात्रीत सगळं धुऊन जातं. कॉफीचा चोथा कुत्र्याच्या पोटात गेला तर त्याला कॅफिनची बाधा होते, त्यामुळे तो नकोच. हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारी उपकरणं मिळतात आणि ती खरोखर काम करतात. पण ज्या गावात उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येतं तिथे हा सल्ला देताना जीभ अडखळते. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडणाऱ्या यंत्रांवर पैसे घालण्याआधी कोणाकडून चार दिवस उसनं आणून बघा. काही मांजरं त्याच्या शेजारी झोपतात.

भिंत उंच करणं हा खर्चिक आणि निरुपयोगी उपाय. पाच-सहा फुटांची भिंत मांजर सहज चढतं. करायचंच असेल तर भिंतीवर बाहेरच्या बाजूला झुकलेली, हलणारी, सैल जाळी लावा. पाय टेकायला घट्ट काही मिळालं नाही की ते उडी मारत नाही. भिंतीवर काचा बसवण्याची जुनी चाल मात्र कोणाच्याच उपयोगाची नाही. मांजर काचांच्या मधून पाय टाकत चालतं, आणि हात कापतो तो आपल्याच गवंड्याचा.

कुत्र्याच्या बाबतीत उलट आहे. तो वरून कमी आणि खालून जास्त येतो. फाटकाखालची वीतभर फट, कुंपणाची एक सैल तार, एवढं पुरतं. ती फट बंद केली की प्रश्न बहुतेक संपतो. हिरवळीवर त्याची लघवी पडली की पिवळे गोल डाग पडतात, कारण त्यातला नत्र एकाच जागी फार होतो. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर गवत वाचतं. उन्हाळ्यात कुत्रा झाडाखाली खड्डा करून त्यात बसतो तो गारव्यासाठी. सावलीत ओलं गोणपाट टाकून दिलं तर तो खणायचं सोडतो, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. शेजारचा कुत्रा असेल तर हे गोणपाट त्याच्या मालकाने आपल्या अंगणात टाकावं, हे ओघानेच आलं.

कोंबड्यांना काय हवं ते उघड आहे: गांडुळं, किडे आणि धुळीत लोळायला कोरडी माती. नवा वाफा त्यांना तिन्ही देतो. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर जाळी टाकली की रोपं मोठी होईपर्यंत निर्धास्त. कुंपणावरून उडून येणाऱ्या कोंबडीच्या एकाच पंखाची लांब पिसं मालकाने कापली तर तिचा तोल जातो आणि ती उडत नाही. पिसं कापताना दुखत नाही आणि ती पुन्हा येतात. शेळीला मात्र जाळी, काटक्या, वास यांपैकी काहीही अडवत नाही. तिला कुंपण किंवा दावं, एवढंच कळतं.

हे करू नका

डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. त्या मांजराला विषारी आहेत आणि अंगणात खेळणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला तर खडीसाखरेसारख्या दिसतात. फिनाईलचं तसंच. फिनॉलच्या जातीची रसायनं निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते, म्हणून कुत्र्याला जेवढं सोसतं तेवढंही त्याला सोसत नाही. ते त्या मातीवरून चालतं, मग पाय चाटतं, आणि विष पोटात जातं.

एरंडी पेंडीचं तर अनेकांच्या गावीही नसतं. खत म्हणून ती चांगली, पण बियांतलं रायसिन हे जहाल विष पेंडीत उरलेलं असू शकतं. ती बोनमीलमध्ये मिसळून घातली की कुत्रा हाडाच्या वासाने ओढला जातो आणि पेंड खातो. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि उपचाराला उशीर झाला तर मृत्यू. आवारात कुत्रा येतो हे माहीत असेल तर निंबोळी पेंड वापरा.

उंदराचं औषध उघड्यावर ठेवणं हे तर सांगायलाच नको. ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी बाधा होऊ शकते.

राहिलं पोतं. मांजर पोत्यात घालून मंडईत किंवा नदीपलीकडे सोडून यायचं, ही आपल्याकडची जुनी तोड. पुष्कळदा ते परत येतं. नाही आलं तरी रिकाम्या हद्दीत महिनाभरात दुसरं मांजर शिरतं, कारण वाफा तिथेच असतो. आणि ते शेजारचं पाळीव असेल तर आपण दुसऱ्याचं जनावर उचलून नेल्याचे धनी होतो.

तब्येतीचं तेवढं

मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येऊ शकतो. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, पण गरोदरपणी त्याची लागण पहिल्यांदा झाली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. मांजर बहुधा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच ही अंडी टाकतं, आणि बाहेर पडल्यावर ती संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा दिसली की त्याच दिवशी उचलणं यात शहाणपण आहे. मातीत मिसळली की मग अंडी महिनोन् महिने टिकतात. बागकाम हातमोजे घालून करा, भाजी नीट धुवा, गरोदर बाईने त्या वाफ्यात हात घालू नये. शिजवल्यावर धोका राहत नाही, प्रश्न कच्च्या कोथिंबिरीचा आणि मुळ्याचा.

कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून हुकवर्मही येतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ उमटते. पावसाळ्यात बागेत चपला घाला. ही विष्ठा भाजीच्या कंपोस्टमध्ये टाकू नका.

आणि एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. हुसकावताना कुत्रा चावला किंवा मांजराने बोचकारलं तर, प्राणी ओळखीचा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. "त्यांच्या कुत्र्याला इंजेक्शनं दिलेली आहेत" हे ऐकून घरी बसू नका, आधी लसीकरणाचं कार्ड बघा, आणि किती डोस घ्यायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या.

शेजाऱ्याशी बोलणं

"तुमच्या मांजराला आवरा" हे वाक्य निरर्थक आहे, कारण मांजर आवरता येत नाही आणि ऐकणाऱ्याला ते माहीत असतं. त्यामुळे तो फक्त दुखावतो. मागायचं तर करता येईल असं काहीतरी मागा.

"काकू, तुमची मनी रोज पहाटे आमच्या मेथीत जाते हो. मी जाळी टाकतोय. तुमच्या मागच्या पडवीत वाळूचं एक घमेलं ठेवाल का? तिची सोय तिथेच होईल."

यात आरोप नाही, आपण काय करतोय ते आहे आणि त्यांच्याकडून काय हवं ते आहे. घमेल्यात नदीची बारीक वाळू चार बोटं भरली आणि सुरुवातीला वाफ्यातली थोडी माती वर टाकली, की मांजर वासाने जागा ओळखतं. रोजच्या रोज साफ केलं नाही तर ते पुन्हा मेथीत येणार, हेही काकूंना हसत हसत सांगून टाकावं.

दुसरी मागणी नसबंदीची. याने बोक्याचं भटकणं, मारामाऱ्या आणि फवारे बहुतेक वेळा बरेच कमी होतात, आणि मांजरीच्या बाबतीत तर हिशेब सरळ आहे: गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा, एका वेळी तीन-चार पिल्लं, वर्षातून दोन-तीनदा. आज एक मांजर त्रास देतंय, पुढच्या गणपतीला सात देतील. खर्चाची अडचण असेल तर प्राणी कल्याण संस्था कमी पैशांत शस्त्रक्रिया करून देतात. खर्चातला थोडा वाटा आपण उचलला तर तो सिमेंटच्या भिंतीपेक्षा स्वस्तच पडतो. हे मी फार जणांना सांगतो आणि फार थोडे ऐकतात, कारण "चूक त्यांची, पैसे आम्ही का द्यायचे" हा मुद्दा वाफ्यापेक्षा मोठा होऊन बसतो.

कुत्र्याच्या मालकाकडून जास्त अपेक्षा ठेवायला हरकत नाही. कुत्रा बांधता येतो, पट्ट्याने फिरवता येतो, त्याची विष्ठा उचलता येते. बऱ्याच महापालिकांत कुत्रा पाळायला परवाना लागतो, तो आहे का हे विचारता येतं. मात्र सोसायटीच्या सभेत "पाळीव प्राणी बंद" असा ठराव करून काही साधत नाही. केंद्राच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. मालकांनी स्वच्छता राखावी असं आवाहन करता येतं.

कायदा काय म्हणतो

कोंडवाडा हा शब्द आजही गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे १८७१ चा पशु अतिक्रमण कायदा आहे, आणि गावांसाठी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातही कोंडवाड्याच्या तरतुदी आहेत. १८७१ च्या कायद्यानुसार पिकाचं किंवा जमिनीचं नुकसान करणारं जनावर जमीन कसणारा किंवा ताब्यात असलेला माणूस धरू शकतो आणि चोवीस तासांच्या आत त्याने ते कोंडवाड्यात पोचवायचं असतं. मालकाने दंड आणि खावटी, म्हणजे चाऱ्या-पाण्याचा खर्च, भरून सोडवून न्यायचं. धरलेलं जनावर मालकाने जबरदस्तीने हिसकावून नेलं तर तो गुन्हा होतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड.

लोक चुकतात ते इथे. शेजारची शेळी धरतात आणि "आधी वांग्यांचे पैसे टाक, मग शेळी ने" म्हणत आपल्याच गोठ्यात बांधून ठेवतात. तसा अधिकार नाही. धरायचं ते कोंडवाड्यात द्यायला. बेकायदा धरलं तर उलट आपल्यावरच तक्रार होऊ शकते. पिकाच्या भरपाईसाठी दिवाणी दाव्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो या कायद्याने बंद केलेला नाही.

आता गंमत बघा. या कायद्यातल्या गुरांच्या व्याख्येत हत्ती आहे, उंट आहे, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी, करडू आहे. कुत्रा, मांजर आणि कोंबडी नाहीत. म्हणजे शेजाऱ्याचा हत्ती तुमच्या मिरच्यांत शिरला तर काय करायचं हे दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे, कोंबडी शिरली तर नाही. डुकराने नुकसान केलं तर मालकाला दंड दहा रुपयांपर्यंत.

मांजराची भरपाई मिळते का? अशा नुकसानीसाठी आपल्याकडे वेगळा संहिताबद्ध कायदा नाही, न्यायालयं मुख्यतः इंग्लंडमधून आलेल्या तत्त्वांवर जातात. आणि तिथला १९२६ चा बकल विरुद्ध होम्स हा खटला बोलका आहे. एकाच्या मांजराने शेजाऱ्याची तेरा कबुतरं आणि दोन छोट्या जातीच्या कोंबड्या मारल्या. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरलं नाही, कारण त्या मांजराने आपल्या जातीच्या स्वभावापलीकडे काही केलं नव्हतं. प्राणी विशेष घातक आहे हे मालकाला आधीपासून माहीत असतं तर गोष्ट वेगळी. मेथीच्या वाफ्यासाठी कोर्टाची पायरी चढायचा विचार असेल तर हे आधी वाचलेलं बरं.

अंगावर येणाऱ्या कुत्र्याबाबत कायदा अधिक ठाम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असताना मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम उकरलेल्या वाफ्यासाठी नाही. कुत्रा चावला असेल, मुलांवर धावून जात असेल, तर आहे.

आणि संतापून विष घालणाऱ्यासाठी याच संहितेचं कलम ३२५ आहे: प्राण्याला मारणं, विष देणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात प्राण्याच्या किमतीनुसार दोन वेगळी कलमं होती, दहा रुपयांचा आणि पन्नास रुपयांचा प्राणी असा फरक करणारी. तो आता गेला. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वेगळा लागू होतो, पण त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. त्यावरून "काही होत नाही" असा समज पसरलेला आहे. भीती बाळगायची ती ३२५ ची.

तक्रार करायचीच झाली तर थेट पोलीस ठाणं गाठण्याआधी जवळचे मार्ग बघा. गावात तंटामुक्ती समिती असते, २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतली, आणि शेळ्या-कोंबड्यांच्या कागाळ्या हे तिचं नेहमीचं काम. शहरात सोसायटीची कमिटी, आणि कुत्र्याचा परवाना किंवा घाण हा मुद्दा असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग. तिथे जमलं नाही तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. खटला भरण्याआधीच समेट घडवायची सोय तिथे आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. अर्जात विशेषणं नकोत. तारीख, वेळ, कोणता प्राणी, काय नुकसान, मालकाला कधी सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं आणि आपण स्वतः कोणते उपाय केले, एवढं लिहा आणि मोबाईलवर काढलेले फोटो जोडा. यातलं शेवटचं कलम रिकामं असेल तर समोर बसलेला अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो: जाळी टाकून बघितलीत का?